शरीरवाचक व कामवाचक मराठी शब्द : व्युत्पत्ती, अर्थ आणि कोशकारांचा संकोच

नात्यागोत्याचे, शेतीचे आणि राज्यव्यवहाराचे मराठी शब्द व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी जितक्या आस्थेने तपासले, तितक्या आस्थेने मनुष्यदेहाचे व स्त्रीपुरुषसंबंधाचे शब्द तपासले गेलेले नाहीत. हात, पाय, नाक, कान या निरुपद्रवी अवयवांपाशी विवेचन मोकळेपणाने चालते. त्यापुढे गेले की ते थांबते, किंवा संस्कृत पर्यायाच्या आडोशाला जाऊन उभे राहते. या संकोचामागे शिष्टाचार आहे हे उघड आहे, आणि शिष्टाचाराविषयी येथे तक्रार नाही. परंतु कोश हा शिष्टाचाराचा ग्रंथ नसून भाषेचा दप्तरखाना आहे. दप्तरखान्यातील काही कागद कुलूपबंद राहिले, तर उरलेल्या कागदांचा अर्थही चुकीचा लागतो. तो कसा लागतो आणि त्यापासून कोणाचे नुकसान होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणे शक्य तेथे नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याच्या अनुषंगाने घेतली आहेत. गिरणेच्या उगमाकडील या खोऱ्यात प्रमाण मराठी, बागलाणी वळणाची अहिराणी, कोकणा व भिल्ल समाजांच्या बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली व खानदेशी बोलींचा परामर्श एकत्र घेतला, तो या शेजारामुळेच. एकाच बाजारपेठेत एका अवयवाची तीन-चार नावे कानी पडावीत अशी ही भूमी आहे. म्हणून आपल्या प्रश्नाला ती सोयीची आहे.

१. शब्दांचे थर

शरीरवाचक मराठी शब्दांत चार थर स्पष्ट दिसतात. पहिला तद्भवांचा : हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान, जिह्वा-जिब्भा-जीभ, कुक्षि-कुच्छि-कूस. 'मान' हा शब्द याच थरातला. वैद्यकग्रंथांतील 'मन्यास्तंभ' या रोगनामात ज्या 'मन्ये'चा निर्देश आहे, तिचाच तो वंशज होय. दुसरा थर देशी शब्दांचा. 'पोट' उदरापासून निघत नाही, 'डोळा' अक्षीपासून निघत नाही. प्राकृतातील 'पोट्ट' व 'डोल' हे त्यांचे पूर्वज. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशी शब्दांचा जो संग्रह केला, त्यासारख्या साधनांवाचून या शब्दांची वाट सापडत नाही. अहिराणीत ळकाराचा यकार होऊन 'डोया' होतो, म्हणजे देशी शब्दही बोलीच्या ध्वनिनियमाला तितक्याच निमूटपणे शरण जातो. तिसरा थर फारसीचा : 'कंबर' (मूळ कमर) आणि 'गर्दन'. कंबरेने 'कटि'च्या वंशजाला इतके बाजूला सारले की 'कड' आता प्रामुख्याने 'मूल कडेवर घेणे' यासारख्या प्रयोगांतच उरली आहे.

चौथा थर तत्सम शब्दांचा : स्तन, गर्भ, योनि, शिश्न, मूत्र. सामान्य समजूत अशी की संस्कृत शब्द हा मूळ आणि तद्भव हा त्याचा घसरलेला, म्हणून ग्राम्य अवतार. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तद्भव शब्द अखंड परंपरेने मुखोमुखी आलेला असतो. तत्सम शब्द मध्येच केव्हातरी ग्रंथातून उचललेला असतो. मराठी भाषेच्या हिशेबाने 'थान' हा वडीलधारा आणि 'स्तन' हा नंतर आलेला पाहुणा आहे. पाहुण्याला बैठकीत बसवून वडिलांना गोठ्यात पाठवावे, तसा प्रकार येथे घडला आहे. गोठा हा शब्द मी केवळ उपमेसाठी वापरलेला नाही, हे पुढील विवेचनावरून कळेल.

२. माणूस आणि जनावर

'गर्भिणी' या शब्दाचे प्राकृत 'गब्भिणी' आणि मराठी 'गाभण'. ध्वनिपरिवर्तन निर्दोष आहे. परंतु आज गाय गाभण असते, स्त्री नसते. स्त्री गर्भवती असते, किंवा 'गुरु-उदर' अशी ज्याची फोड केली जाते त्या शब्दाने गरोदर असते. 'विजायते' या क्रियारूपापासून आलेले 'विणे, व्याणे' हे क्रियापद म्हशीला लागते. बाईला लावले तर शिवी होते. बाई प्रसूत वा बाळंत होते. स्तनाचे 'थान' झाले तेही बहुतेक ठिकाणी जनावराकडेच गेले. 'मूत'च्या जागी 'लघवी' आली. तिचा अर्थ केवळ 'लहान, हलकी (क्रिया)'. 'गू' हा 'गूथा'चा तद्भव बाजूला पडून 'शौच' आले, ज्याचा मूळ अर्थ स्वच्छता.

या जोड्यांतून एक नियम हाती येतो. तद्भव व तत्सम एकत्र नांदू लागले की तद्भव शब्द देहाला, पशूला व खेड्याला दिला जातो. तत्सम शब्द माणसाला व शहराला. अर्थाची ही वाटणी शब्दांच्या स्वभावामुळे झालेली नसून वापरणाऱ्यांच्या प्रतिष्ठेमुळे झालेली आहे. म्हणूनच कळवणच्या शेतकऱ्याला 'अंडील' बैल म्हणताना काहीही वाटत नाही, आणि त्याच 'अण्ड' शब्दापासूनचा मनुष्यवाचक शब्द चारचौघांत उच्चारणे मात्र अशक्य होते.

गोठ्यातील शब्दांचा पुढचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. 'माद्यति-मज्जइ-माजणे' या परंपरेतील 'माज' मुळात जनावराच्या कामावस्थेचा. आज वर्तमानपत्रांत सत्तेचा माज, पैशाचा माज असतो. अरबी 'खसी'पासूनचे 'खच्ची करणे' मुळात बैलाविषयी. आज 'मानसिक खच्चीकरण' हा शब्द अत्यंत सभ्य लेखनात येतो आणि त्यातील शस्त्रक्रिया कोणाच्या ध्यानातही येत नाही. रूपकात गेलेला शब्द शुद्ध होतो आणि वाच्यार्थाने राहिलेला अशुद्ध ठरतो, असा हा विचित्र न्याय आहे.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. 'प्रस्नव-पण्हव-पान्हा' हा पूर्ण तद्भव शब्द गाईला आणि आईला सारख्याच आदराने लागतो. संतवाङ्मयाने गाय-वासराची उपमा ईश्वर-भक्ताला लावली, आणि त्या उपमेच्या बळावर हा शब्द गोठ्यातून देवघरात गेला. यावरून तद्भव शब्दांत स्वभावतः काही हीन असते हे मत टिकत नाही. ज्याला वाङ्मयाने आश्रय दिला तो तगला, इतकेच म्हणता येते.

३. शिलालेखातील क्रियापद

प्रतिष्ठा कालांतराने कशी पालटते याचे सर्वांत ठळक उदाहरण संभोगवाचक क्रियापदाचे आहे. वैदिक वाङ्मयात 'यभ्' हा धातू आहे; रशियन आदी स्लाव भाषांत त्याचे सगोत्र शब्द आजही जिवंत आहेत, आणि तेथेही ते शिवीतच आढळतात. मराठीत याच धातूपासून 'झवणे' आले. आज हा शब्द छापताना संपादकाचा हात थबकतो. परंतु शिलाहार राजा अपरादित्य याच्या इ. स. ११८७ च्या परळ येथील शिलालेखात याच क्रियापदाचे 'झविजे' हे रूप कोरलेले आहे. दान दिलेल्या भूमीचा जो अपहार करील त्याला उद्देशून ती गाढवाची शापवाणी आहे. अशा शिळांवर बहुधा चित्रही असते, आणि त्यांना 'गधेगाळ' हे नाव रूढ आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात (१९६३) हे लेख अभ्यासकांपुढे ठेवले, ही गोष्ट मराठी संशोधनाला भूषणावह आहे.

आता या लेखाचा अर्थ काय करावयाचा? शब्द त्या काळी सभ्य होता, असे अनुमान घाईचे ठरेल. शाप हा सभ्य असून भागत नाही, तो झोंबावाच लागतो. मात्र राजाच्या अधिकृत दस्तऐवजात, देवाधर्माच्या दानाच्या रक्षणासाठी, हा शब्द वर्ज्य नव्हता इतके निश्चित. झोंबणारा शब्द सार्वजनिक असू शकतो, हे बाराव्या शतकाने मानले होते. आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : शाप अपहार करणाऱ्याला आहे, पण विटंबना त्याच्या आईची आहे. आजच्या शिव्यांची रचनाही हीच आहे. शब्दाचा धातू वेदकालीन असेल. त्याचा डंख मात्र स्त्रीच्या देहावर पुरुषाची अब्रू ठेवणाऱ्या समाजरचनेतून आलेला आहे. व्युत्पत्ती जेथे थांबते तेथे समाजशास्त्र सुरू होते, ते असे.

४. व्युत्पत्तीवरून इतिहास : दोन पद्धती

या सीमारेषेवर मराठीत दोन थोर संशोधक उभे आहेत. पहिले वि. का. राजवाडे (१८६३–१९२६). 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या अपुऱ्या राहिलेल्या लेखनात त्यांनी स्त्रीपुरुषसमागमाच्या अतिप्राचीन चालींचा शोध शब्दांच्या व प्राचीन कथांच्या आधारे घेतला. ज्या काळात हा विषय काढणेही अपराध होते, त्या काळात त्यांनी दाखविलेले धैर्य वादातीत आहे. पद्धतीविषयी मात्र शंका घ्यावी लागते. धातूचा अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ, आणि शब्दाचा अर्थ म्हणजे समाजाची वस्तुस्थिती, अशी दुहेरी उडी त्यांच्या विवेचनात वारंवार येते. धातू हा पुष्कळदा वैयाकरणांनी मागाहून कल्पिलेला सांगाडा असतो. त्यावरून जिवंत समाजाची चाल ओळखणे धोक्याचे आहे.

दुसरे डॉ. रा. चिं. ढेरे. 'लज्जागौरी' या ग्रंथात (१९७८) त्यांनी नग्न मातृदेवतेच्या मूर्तींचा अर्थ लावला. वारूळ हे भूमीच्या योनीचे प्रतीक, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. त्यांच्या विवेचनात शब्द एकटा येत नाही. त्याच्या जोडीला मूर्ती येते, स्थळ येते, विधी येतो, लोककथा येते. म्हणून त्यांचा एखादा निष्कर्ष न पटला तरी तो तपासता येतो. राजवाड्यांचा निष्कर्ष पुष्कळदा केवळ मान्य वा अमान्य करता येतो.

या भेदाची कसोटी कळवण तालुक्यातच घेता येते. सप्तशृंगगडावरील देवीला भाविक भगवती म्हणतात. 'भग' शब्दाला उत्तरकालीन संस्कृतात जननेंद्रियाचा अर्थ आहे, म्हणून भगवती हे नावच योनिपूजेचा अवशेष होय, असे कोणी म्हटल्यास ते मान्य करता येणार नाही. 'भज्' म्हणजे वाटणे. ऋग्वेदातील 'भग' हा भाग्य वाटून देणारा देव. भाग, भाग्य, भगवान, भगवती ही सारी या ऐश्वर्यवाचक शाखेची फळे आहेत. अवयववाचक अर्थ ही त्याच झाडाची वेगळी फांदी असून तिच्यापासून वैद्यकातले 'भगंदर' निघते. केवळ अक्षरसाम्यावरून एका फांदीचे फळ दुसरीला लावता येत नाही. हीच सावधगिरी अहिराणीतील 'आंडोर' (मुलगा) व 'आंडेर' (मुलगी) या शब्दांबाबत ठेवली पाहिजे. 'अण्ड' शब्दाशी त्यांचे साम्य मोहक आहे. परंतु आसपासच्या बोलींतील रूपे जुळवून ध्वनिनियम सिद्ध केल्याखेरीज त्या साम्याला पुराव्याचे मोल येत नाही.

५. स्त्रियांची परिभाषा

गडावर स्त्रिया देवीची ओटी भरतात. 'ओटी' म्हणजे वस्त्राचा पोटाशी धरलेला खोळगा, आणि ओटी म्हणजे बेंबीखालचा देहाचा भाग. 'ओटीपोट' हा शब्द डॉक्टरही वापरतात. एकच शब्द विधीत व वैद्यकात निःसंकोच वावरतो, आणि त्यातून देहाचा अचूक भाग कळतो. स्त्रियांनी घडविलेल्या परिभाषेचा हा उत्कृष्ट नमुना होय.

या परिभाषेचा दुसरा आधारस्तंभ 'अंग' हा शब्द. मूल 'अंगावर पिते' तेव्हा अंग म्हणजे स्तन. 'अंगावरून जाते' तेव्हा अंग म्हणजे योनिमार्ग. 'अंग बाहेर येते' तेव्हा अंग म्हणजे गर्भाशय. संपूर्णाचे नाव भागाला देण्याची ही रीत आहे. ऐकणारी स्त्री क्रियापदावरून अवयव ओळखते. हा शब्दसमूह कोशांत विखुरलेला सापडतो. त्याची व्यवस्था मात्र कोणी मांडलेली नाही. 'दिवस जाणे', 'पदर येणे', 'न्हाण येणे' (स्नान-ण्हाण-न्हाण), 'डोहाळे' (दोहद, प्राकृत दोहल) हे त्याच परिवारातले शब्द. सुश्रुताने दोहदाचा संबंध 'द्विहृदया', म्हणजे दोन हृदयांच्या स्त्रीशी जोडला. ध्वनिशास्त्राला ती व्युत्पत्ती पुरती न पटली तरी कल्पना विसरण्याजोगी नाही.

तथापि या परिभाषेतील प्रत्येक शब्द निरुपद्रवी नाही. गर्भाशयाला 'पिशवी' हे नाव सर्वत्र रूढ आहे. कूस उजवते, पिशवी मात्र रिकामी झाली की टाकता येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या प्रकरणाची कारणे दारिद्र्य, मुकादमी आणि वैद्यकीय व्यवसायाचे वर्तन यांत आहेत, शब्दात नाहीत. परंतु 'पिशवी काढली' हे वाक्य ज्या सहजतेने बोलता येते, त्या सहजतेने 'गर्भाशय काढले' म्हणता येत नाही, हेही खरे आहे. 'नसबंदी'चे असेच. वीर्यवाहिनीला 'नस' म्हटल्याने पुरुषाच्या शक्तीची नाडीच आवळली जाते असा समज होण्यास शब्दाचेच साहाय्य होते.

६. लज्जावाचक शब्द

मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अशा शब्दांचे अर्थ देताना काही ठिकाणी इंग्रजी सोडून लॅटिनचा पडदा ओढला. त्यातील 'पुडेंडम' या लॅटिन संज्ञेचा शब्दशः अर्थ 'जिची लाज वाटावी ती गोष्ट' असा आहे. आमच्याकडील 'गुह्य' आणि 'गुप्तांग' हे याच जातीचे शब्द : ते अवयवाचे नाव सांगत नाहीत, तो झाकावा इतकेच सांगतात. युरोपात या प्रश्नाचा पुनर्विचार झाला. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेच्या २०१९ च्या आवृत्तीतून स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी असलेली ही संज्ञा वगळण्यात आली.

मराठीत हा पुनर्विचार वस्तुतः फार आधी सुरू झाला होता. हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात 'विट्टाल' या शब्दाचा अर्थ 'अस्पृश्यसंसर्ग' असा दिला आहे. आपला 'विटाळ' तोच. एकाच शब्दाने जातीची आणि ऋतुमती स्त्रीची अस्पृश्यता सांगितली जाते, ही गोष्ट शब्दकोशापुरती राहत नाही. चक्रधरांनी स्त्रीच्या विटाळाची गणना देहाच्या इतर स्रावांबरोबर केली. सोयराबाईने त्यापुढे जाऊन, विटाळ देहातच असेल तर त्यावाचून देह कोणाचा, असा प्रश्न केला. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून देहाला त्याच्या नावाने हाक मारली आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. 'विटाळ' शब्दाच्या दोन्ही अर्थांचा ज्याने विचार केला, त्या पुरुषाने हे वकीलपत्र घ्यावे, यात एक तर्कसंगती आहे.

७. कोशाचे कर्तव्य

'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२–१९३८) या दाते-कर्वे मंडळाच्या कार्याचे ऋण मराठी कधी फेडू शकणार नाही. त्यात 'ग्राम्य', 'अशिष्ट' अशा खुणा आहेत. आक्षेप खुणांना नसून त्यांच्या मोघमपणाला आहे. शब्द कोणाच्या तोंडी अशिष्ट आहे, केव्हापासून आहे, स्त्रियांत व पुरुषांत त्याचा वापर सारखा आहे काय, माणसाला व जनावराला लावताना अर्थ पालटतो काय, हे त्या खुणेतून कळत नाही. 'रांड' हा शब्द पाहा. संस्कृत 'रण्डा' म्हणजे विधवा, आणि ग्रामीण भाषेत 'रंडकी' हा शब्द अजून त्या अर्थाने निव्वळ वर्णनासाठी येतो. 'अशिष्ट' ही एक खूण या दोन्ही प्रयोगांना सारखीच लागू करणे म्हणजे दुःख आणि शिवी यांना एकाच रकान्यात टाकणे होय.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा असता तर तो आणखी पन्नास वर्षे पडून राहिला तरी चालले असते. तो तसा नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये झाला. त्याच्या कलम २६ प्रमाणे बालकाचा जबाब त्याने जसा सांगितला तसा नोंदवावयाचा असतो, आणि गरज पडल्यास दुभाष्याचे साहाय्य घेता येते. अपराधाची व्याख्या मात्र योनी, शिश्न, गुदद्वार, मूत्रमार्ग अशा निश्चित अवयवांवर उभी आहे. आता कळवण, सुरगाणा यांसारख्या तालुक्यांतील कोकणा वा अहिराणी बोलणारी लहान मुलगी कल्पनेत आणावी. तिच्याजवळ तिच्या बोलीतला शब्द आहे. तो तिला घाणेरडा म्हणून उच्चारू दिलेला नाही. लिहून घेणाऱ्याजवळ 'गुप्तांग' आहे, ज्यातून कोणता अवयव ते कळत नाही. न्यायालयाला हवा असलेला शब्द दोघांजवळही नाही. शब्द आणि अवयव यांची नेमकी सांगड कोठेच नोंदलेली नसेल, तर दुभाष्याने कशाच्या आधारे भाषांतर करावे? येथे कोशातील रिकामी जागा ही पुराव्यातील रिकामी जागा होते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, बोलींच्या शब्दसंग्रहातून शरीरवाचक व कामवाचक शब्द वगळण्याची प्रथा सोडून द्यावी, आणि ते शब्द स्त्रियांकडून स्त्रियांनीच गोळा करावेत. दाई व आशा कार्यकर्त्या यांच्याइतके या परिभाषेचे जाणकार दुसरे कोणी नाही. दुसरी, प्रत्येक शब्दापुढे शिष्ट-अशिष्टाच्या एका खुणेऐवजी प्रयोगाची परिस्थिती द्यावी. तिसरी, व्युत्पत्ती देताना तद्भव शब्दाला त्याचा वडिलकीचा मान द्यावा आणि तत्सम शब्द पर्याय म्हणून दाखवावा.

शब्द कोशात घेतल्याने भाषा बिघडत नाही. ज्या भाषेने बाराव्या शतकात आपला सर्वांत झोंबणारा शब्द दगडावर कोरला आणि चौदाव्या शतकात विटाळाला जाब विचारला, तिच्या एकविसाव्या शतकातील कोशकारांनी कागदाला घाबरण्याचे कारण नाही.